मोठ्यानं बोल, पोरी

ते आमच्या ऑफिसात रुजू झाले त्या दिवशी त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर आम्हा सगळ्यांना उभं केलं.

सकाळची वेळ होती. मी नुकतीच टेबल पुसून बसले होते, हेडक्लार्क पेपर वाचत होते आणि शिपाई मामा खिडकीपाशी तंबाखू मळत होते. दारातून एक म्हातारी आत आली. हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी, चेहऱ्यावर तो नेहमीचा, कुणाला विचारू आणि कुणाला नको असा भाव. आम्ही कुणी मान वर केली नाही, कारण मान वर केली की काम गळ्यात पडतं. आणि तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "उठा!"

खोटं नाही सांगत, मला वाटलं भिंत पडली. मी उठले, हेडक्लार्क उठले, मामांच्या हातातली तंबाखू जमिनीवर सांडली. केबिनमधून साहेबसुद्धा उभे राहून बाहेर डोकावले. कोपऱ्यात निळा ब्लेझर घातलेला, उंच, काळासावळा माणूस ताठ उभा होता. त्याने म्हातारीला कडक सॅल्यूट ठोकला आणि आमच्याकडे बघून म्हणाला, "हिचा पोरगा सीमंवर उभा हाय. ही बसल्याबिगर हितं कुणी बसायचं न्हाय."

म्हातारी इतकी घाबरली की ती परत जायला निघाली. तिला हाताला धरून आम्हीच बसवलं.

माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांची कामं बघणारं आमचं ऑफिस तेव्हा शुक्रवार पेठेत एका भाड्याच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर होतं. खाली चहाची टपरी, शेजारी भांड्यांचं दुकान. गावोगाव फिरून सैनिकांच्या घरांची विचारपूस करायला आमच्याकडे एक माजी सैनिक नेमलेला असतो, त्या जागेवर हे आले होते. मूळचे वेळापूरचे, तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. तोफांनी त्यांचा उजवा कान पूर्ण नेला होता आणि डावा जेमतेम ठेवला होता. ज्याला स्वतःला ऐकू येत नाही, त्याला जगही बहिरं वाटतं. त्यामुळे काका जे बोलायचे ते ओरडूनच.

मला याचा फार त्रास व्हायचा. माझं बालपण सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या खटखटाटात गेलं. घरात तेलुगू, गल्लीत दखनी, शाळेत मराठी, आणि तिन्ही भाषा बोंबलूनच बोलायच्या, कारण माग काही थांबत नसत. सरकारी नोकरी लागली तेव्हा मला पगारापेक्षा जास्त आनंद झाला तो शांततेचा. पंख्याचा आवाज, कागदाची सळसळ, बस. आणि त्या शांततेत हे तोफखान्याचे काका येऊन पडले.

आमच्याकडे येणाऱ्या माणसाची कामं नाजूक असतात. कुणाचा आजार, कुणाचं घरातलं भांडण, कुणाच्या पोराचं व्यसन. लोक माझ्या टेबलाशी वाकून, तोंडाजवळ हात धरून सांगायचे. काकांच्या टेबलावर ती सोय नव्हती. एकदा एक सुभेदार साहेब आले. मोठ्या मानाचे, पीळदार मिशांचे. त्यांना ऑपरेशनसाठी दवाखान्यात जागा मिळत नव्हती, तीन खेपा झाल्या होत्या. मला हळूच म्हणाले, "मॅडम, जरा खाजगी आहे." मी त्यांचा कागद काकांकडे दिला. काकांनी तो वाचला आणि तिथल्या तिथे दवाखान्यात फोन लावला.

"मूळव्याध!" काका फोनमध्ये गरजले. "आवो, मूळव्याध! रक्त पडतंय! सुभेदार हाय माणूस, लई मोठा माणूस हाय, पर बसता येईना त्याला!"

शेजारच्या दुकानातली भांड्यांची ठोकाठोक थांबली. सुभेदार साहेब कुणाकडे न बघता जिना उतरून निघून गेले. मी काकांवर इतकी चिडले की दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही, आणि ते त्यांना कळलंही नाही. पण दुसऱ्या दिवशी सुभेदारांना जागा मिळाली. महिन्याभराने ते पेढे घेऊन आले, तेव्हा खालच्या टपरीवाल्याने भर रस्त्यात विचारलं, "साहेब, आता येतंय का बसाया?" सुभेदारांनी मिशीला पीळ दिला आणि टपरीच्या बाकड्यावर ऐटीत बसून दाखवलं.

काकांचं म्हणणं एकच होतं, "हळू बोलून हळू काम करून घेत्यात ही माणसं. लाजत्यात. अरं, लाज तुमाला कशापायी?"

मे महिन्यात सोलापूर काय असतं ते बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. आमच्याकडे कामासाठी आलेले म्हातारे बाहेर पत्र्याखाली बाकावर बसायचे. एका दुपारी काकांनी माणसांना उठवलं, तो बाक एकट्याने उचलला आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये नेऊन ठेवला. मागोमाग ती सगळी म्हातारी मंडळी आत जाऊन ओळीने बसली. साहेब स्वतः निवृत्त अधिकारी, सभ्य आणि मऊ बोलणारा माणूस. ते फोनवर होते. फोन तसाच कानाला धरून ते नुसते बघत राहिले.

"हे काय चाललंय? व्हॉट इज धिस?"

"सर, हितं कूलर हाय," काका म्हणाले.

साहेबांनी फोन ठेवून दिला. मला तर वाटलं, आता काकांची नोकरी गेली. पण एक गंमत झाली. समोर चारपाच म्हातारे टक लावून बघत बसले की माणसाला फाईल बाजूला सारता येत नाही. त्या उन्हाळ्यात साहेबांच्या टेबलावर कागद साठलाच नाही. पाऊस सुरू झाल्यावर बाक बाहेर नेऊ का म्हणून मामांनी विचारलं, तर साहेबच म्हणाले, राहू द्या.

काकांबरोबर गावी जायची वेळ माझ्यावर फार नाही आली, पण एकदा सांगोल्याकडे गेले होते. जीप गावात शिरली आणि काकांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून ओरडायला सुरुवात केली.

"काय झालेलं न्हाय! सगळं ठीक हाय! पोरगं खुशाल हाय!"

घरांच्या दारात बायका येऊन उभ्या राहिल्या. कुत्री मागे लागली. मी ओढणीने तोंड झाकून खाली सरकले. ज्या घरी जायचं होतं तिथे जीप थांबेपर्यंत त्यांचा घोष चालूच होता. आमचं काम तरी काय, तर त्या घरातल्या मुलीला शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचं सांगायचं. येताना मी न राहवून त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, हा काय प्रकार आहे?

ते म्हणाले, "नवा व्हतो तवा असाच एका घरी गेल्तो. ब्लेझर, मेडलं, सगळं घालून. दारात बाई डाळ निवडत बसली व्हती. तिनं वर बघितलं, माज्या छातीवरची मेडलं बघितली, आन् मी तोंड उगडायच्या आधी उंबऱ्यावर हात आपटून बांगड्या फोडल्या की तिनं. दोन्ही हातातल्या. आन् नवरा तिकडं आसामात धडधाकट. पत्ते खेळत बसला असंल."

मला हसू आलं आणि लगेच गिळावं लागलं. काकांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. बाजारात न्हेली तिला आन् तिच्या सासूला बी. हिरव्या बांगड्या भरल्या. पर तिच्या हाताला काच लागल्याली व्हती ती व्हतीच."

आज आमच्या ऑफिसात एक नियम आहे. जवान गेला की बातमी आधी त्याच्या बायकोला, आणि तिच्याशी स्वतः बोलल्याशिवाय तिच्या नावाचा एकही कागद पुढे सरकत नाही. सासरे, दीर, भाऊ कुणीही येवो, त्यांना बाहेर चहा देतात आणि तिला आत बसवतात. राज्याच्या बैठकांमधून साहेब हा नियम अभिमानाने सांगतात, दुसऱ्या जिल्ह्यातली माणसं लिहून घेतात. तो कसा झाला ते मात्र कुणी सांगत नाही. म्हणून मी सांगते.

एक म्हातारा मेंढपाळ आपल्या सुनेला घेऊन आला होता. सांगोल्याच्याच बाजूचा, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं. सून विशीतली. पदर पार कपाळाखाली, मांडीवर आठनऊ महिन्यांची पोर. तिचा नवरा डोंगराळ भागात नोकरीवर असताना गेला होता. गावात सरकारी इतमामाने अंत्यसंस्कार झाले होते, पंचक्रोशी लोटली होती. पुढची सगळी कामं मात्र तिच्या सहीवाचून अडून बसली होती. म्हाताऱ्याची ही दुसरी की तिसरी खेप.

"सही करत न्हाय बगा ती, मॅडम," म्हातारा म्हणाला. "घरात बी बोलत न्हाय. जेवत बी न्हाय नीट. तिच्याच भल्याचं हाय, पोरीच्या भल्याचं हाय. तुमी सांगून बगा."

मी सांगून बघितलं. माझ्या पद्धतीने, समजुतीने. हे तुझ्या हक्काचं आहे बाई, यात कुणाचे उपकार नाहीत, तुझ्या मुलीचं शिक्षण यातून होईल. ती मान खाली घालून ऐकत होती. मी पेन तिच्या हातात दिलं. तिने ते टेबलावर ठेवलं आणि ओठ हलवले. काहीतरी म्हणाली. मला ते ऐकू आलं नाही, आणि खरं तर नाही ऐकू आलं याचं मला काही वाटलंही नाही. अशा मुली अशाच बोलतात, सासऱ्यासमोर तर अशाच.

पण काका उठून आले. तिच्यासमोर वाकले, डावा कान पुढे केला.

"काय म्हणलीस? मोठ्यानं बोल, पोरी."

तिने पुन्हा ओठ हलवले.

"काय ऐकू येत न्हाय मला. मोठ्यानं."

म्हातारा कसनुसा झाला. त्यांच्यात सून सासऱ्यासमोर आवाज चढवत नाही, खुर्चीवरसुद्धा ती त्याच्याकडे अर्धी पाठ करून बसली होती. मी काकांची बाही ओढली. हाताने खूण केली की राहू द्या, तिला लाज वाटते. काकांना माझी खूण दिसली नाही किंवा त्यांनी ती बघितली नाही. त्यांच्या डोक्यात एकच, की मुलगी काहीतरी बोलते आहे आणि ते आपल्याला कळत नाही.

"अगं, मी तोफंवर व्हतो, कान गेल्यात माजे. वरड की जरा! रानात मेंढरामागं वरडतीस तशी वरड!"

ती उभी राहिली. पदर मागे गेला, मांडीवरची पोर तिने छातीशी घट्ट धरली, आणि ती जी ओरडली ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"त्ये कसं गेलं त्ये मला कुणी सांगितलंच न्हाय! माती दिली तवा मला कुणी न्हेलं न्हाय! त्येंचं तोंड बी दावलं न्हाय मला! कशावर सही करू मी?"

पोर दचकून रडायला लागली. केबिनमध्ये बाकावर बसलेले म्हातारे उठून दारात आले. आमच्याकडे त्या जवानाची सगळी माहिती होती, त्याच्या अंत्ययात्रेचे फोटो होते, कोण कोण पुढारी हजर होते त्यांची नावं होती. आणि त्याच्या बायकोला तो कसा गेला हे माहीत नव्हतं. असं कसं होऊ शकतं? मी म्हाताऱ्याकडे बघितलं.

म्हातारा घोंगड्याचं टोक चुरगाळत म्हणाला, "ती माहेरी बाळंत झाली व्हती, मॅडम. चार दिवसाची बाळंतीण. तिला कसं सांगायचं? धसका घेतला असता, दूद आटलं असतं. पोर बी हातची गेली असती. तिची आई बी म्हणली, सांगू नगा."

आता माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडे ओल्या बाळंतिणीपर्यंत वाईट बातमी जाऊ देत नाहीत, ही काही नवी गोष्ट नाही. माझ्या स्वतःच्या आत्याला तिचा भाऊ गेल्याचं महिनाभर सांगितलं नव्हतं. पण नवरा? इकडे गावात बंदुकांची सलामी झाली, लाऊडस्पीकर लागले, तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली. आणि दोन गावं पलीकडे ही अंधाऱ्या खोलीत शेकशेगडीजवळ पोरीला पाजत पडली होती. तिच्या माहेरच्यांनी टीव्हीची वायर काढली, फोन बिघडला म्हणून सांगितलं, आल्यागेल्या बायांना दारातूनच परत पाठवलं. सगळ्यांनी मायेनेच केलं हे सगळं.

"मग कधी सांगितलंत तिला?" मी विचारलं.

उत्तर तिनेच दिलं, तसंच ओरडून. एकदा आवाज फुटला होता, तो आता खाली यायला तयार नव्हता.

"कुणीच न्हाय सांगितलं! सव्वा म्हैन्यानं सासरी आले पोरीला घिऊन. मला वाटलं, त्ये रजंवर आलं असतील. जीप चौकात आली तर तितं फ्लेक्स! त्येंचा फोटो, आन् खाली भावपूर्ण श्रद्धांजली! मी शिकल्याली हाय. मी वाचलं की त्ये!"

हेडक्लार्क तोंडावर हात ठेवून बसले होते. साहेब बाहेर आले होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तो चौक दिसायला लागला. उन्हाने रंग उडालेला फ्लेक्स, जीपमध्ये नटूनथटून बसलेली ही, आणि शेजारी बसलेल्या माणसांना तो फ्लेक्स काढायचं सुचलं नाही. सगळं लपवलं आणि चौकातला फ्लेक्स विसरले.

मग ती काकांकडे वळली. बोट त्यांच्या छातीवर रोखून म्हणाली, "आन् तुमीच व्हय म्हणला! मामंजी सांगत्यात की. सरकारी माणसाला इचारलं, सूनबाईला न कळवता उरकू का म्हणून, तर त्यांनी मान हलवली. मेडलं घातल्याला माणूस. तुमीच न्हवं त्ये?"

हे काकांना स्वच्छ ऐकू आलं.

अंत्यसंस्काराच्या दिवशी गावात आमच्या ऑफिसातर्फे काकाच गेले होते, हे मला ठाऊक होतं. लाऊडस्पीकर वाजत होता, लोक घोषणा देत होते, आणि त्यात या म्हाताऱ्याने त्यांच्याजवळ येऊन हात जोडून विचारलं असणार. ज्याला ऐकू येत नाही त्या माणसाला एक सवय लागते. समोरचा काही बोलला की तो मान हलवतो. प्रत्येक वेळी काय, काय म्हणून विचारायची लाज वाटते. काकाही रोज हलवायचे, मी चहा घेणार का विचारलं तरी आणि पंखा बंद करू का विचारलं तरी. त्या मानेला घरच्यांनी सरकारचा होकार समजला. म्हाताऱ्याने तिला नेलं असतं कदाचित. त्याचं मन दोन्हीकडे होतं म्हणून तर तो विचारायला आला होता.

काका मटकन खाली बसले. खुर्चीत नाही, जमिनीवर, तिच्या पायाशी. लोकांना उभं करणारा हा माणूस मी असा बसलेला कधी बघितला नव्हता. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते म्हणाले, "मला ऐकू आलं नसंल, पोरी. मी तशीच मान हलवली असंल. लई मोठं पाप झालं माज्याकडनं."

म्हातारा पटक्यात तोंड लपवून रडायला लागला होता.

"आता इचार," काका म्हणाले. "माती दिली तवा मी तितं व्हतो. मी सगळं बघितलंय. काय बी इचार, काय लपवणार न्हाय."

तिने पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "कसं गेलं त्ये?"

आणि काका सांगू लागले. हळू आवाजात सांगावं अशीच ती गोष्ट होती, पण काकांकडे हळू आवाज नव्हताच. युनिटच्या पत्रात होतं तसं, गाडी बर्फावरून घसरली. हा चालवत नव्हता, मागे बसला होता. डोक्याला मागून मार लागला, वेळ लागला नाही. गावात पेटी कुणी उचलली, पुढे कोण होतं, मागे कोण होतं. म्हाताऱ्याला भोवळ आली तेव्हा कुणी धरलं. शाळेची मुलं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कशी उभी होती. खाली रस्त्यावर माणसं थांबली होती. टपरीवाल्याने स्टोव्ह बंद केला असावा, कारण त्याचा नेहमीचा फरफर आवाज येत नव्हता. पेठेतल्या त्या गल्लीने मूळव्याधीपासून सगळं ऐकलं होतं, पण हे ऐकताना कुणी खोकललंसुद्धा नाही.

ती उभ्यानेच ऐकत होती. मधेच तिने विचारलं, "तोंड बघितलं का तुमी?"

"बघितलं. पेटी उगडली तवा तुज्या सासऱ्याच्या शेजारी मीच व्हतो."

"मिशी व्हती का?"

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं ऐकण्यात. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. म्हाताऱ्याने पटक्यातून तोंड बाहेर काढलं. एवढं सगळं झाल्यावर हा काय प्रश्न? मुलीच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, अशी भीती मला वाटून गेली.

काकांनी कान पुढे केला. तिने पुन्हा ओरडून विचारलं, "मिशी! मिशी व्हती का त्येंना?"

आणि मग तिने सांगितलं. शेवटचा फोन झाला तेव्हा तिचे दिवस भरले होते. तिकडे वर रेंज नसायची, पुन्हा फोन कधी लागेल ते सांगता येत नव्हतं. नवरा तिला म्हणाला होता, बाळ झाल्याचा निरोप आला की त्या दिवशी मिशी काढतो, नाहीतर पापा घेताना पोराला टोचेल. ती म्हणाली होती, तुमी आणि मिशी काढणार? लई जपता की मिशीला. पोर झाल्यावर तिच्या भावाने युनिटच्या नंबरावर निरोप ठेवला होता. तो त्याला मिळाला की नाही, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्याला मुलगी झाली हे कळून तो गेला, की न कळताच गेला? तो गेल्याचं कळल्यापासून ती एवढंच विचारत होती. ओठातल्या ओठात.

काकांनी डोळे मिटले. ते आठवत होते. हा माणूस हिला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगून टाकेल का?

"न्हवती," ते म्हणाले. "मिशी न्हवती, पोरी."

"खरं सांगा."

"आईची शपथ. वरचा ओठ कोरा व्हता. आन् हितं, हितं बारीक कापल्यालं व्हतं." त्यांनी आपल्या नाकाखाली बोट ठेवलं. "वाळल्याली खपली व्हती. वर थंडीत गार पाण्यानं ब्लेड लावलं की तितंच कापतंय. आमी सगळ्यांनी कापून घेतलंय. त्येनं सोताच्या हातानं काढली व्हती."

"व्हय," म्हातारा एकदम म्हणाला. "व्हय की! मिशी न्हवती. मला वाटलं दवाखान्यात काढली. मी कुणाला बोललोच न्हाय."

सून खाली बसली. काकांच्या समोर, जमिनीवरच. पोरीचं तोंड तिने आपल्याकडे वळवलं, तिच्या गालावरून हात फिरवला, आणि इतक्या हळू आवाजात काहीतरी म्हणाली की ते फक्त मला ऐकू आलं, कारण मी तिच्या पाठीशी उभी होते.

"काय म्हणली?" काकांनी मला विचारलं. "काय म्हणली ती?"

मी त्यांच्या कानाशी वाकले नाही. खिडकीखाली रस्ताभर माणसं उभी होती, जिन्यात उभी होती, दारात उभी होती, आणि त्या सगळ्यांसमोर मी घसा फोडून ओरडले, "त्यांना कळलं होतं, काका! मुलगी झाल्याचं त्यांना कळलं होतं!"